मुलांना घाबरवण्याची गंमत: पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दाराआड लपून एकदम अंगावर येणं, दिवे घालवून विचित्र आवाज काढणं, 'तुला बोहारणीकडून जुन्या कपड्यांवर घेतलंय' असं सांगून रडवणं, मोबाइलवर भुताचा चेहरा दाखवून मुलाची किंकाळी चित्रित करणं. यातलं काही ना काही पुष्कळ घरांत चालतं, आणि ते करणाऱ्यांचा बहुतेक वेळा मुलावर जीव असतो. म्हणून पालक हे प्रश्न दबकत विचारतात. इथे उत्तरं सरळ दिली आहेत.

आम्हीही असेच घाबरत वाढलो. आमचं काय वाकडं झालं?

पुष्कळांचं काहीच वाकडं झालं नाही, हे मान्य. एखाद्या वेळी दचकलेलं मूल कुशीत घेतल्यावर शांत होतं आणि तासाभरात विसरतं. एका 'भॉ'मुळे कुणाचं बालपण खराब होत नाही.

पण 'आमचं काही झालं नाही' हे ज्यांचं काही झालं नाही तेच सांगतात. चाळिशीतही रात्री एकट्यानं जिना उतरू न शकणारी, कुत्रा दिसला की रस्ता बदलणारी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. त्यांना विचारा. अनेकांना ती भीती कुणी घातली तो दिवससुद्धा आठवतो.

दुसरा फरक घराचा आहे. काकानं घाबरवलं तर आजीच्या पदराआड जायचं, आत्यानं घाबरवलं तर आईकडे पळायचं, अशी सोय भरल्या घरात होती. आजच्या दोन खोल्यांच्या घरात संध्याकाळी मुलाजवळ एकच मोठं माणूस असतं. तेच घाबरवायला लागलं तर मुलानं जायचं कुणाकडे?

मग 'बुवा कुक्'सुद्धा करायचं नाही? लपाछपी, भुताच्या गोष्टी सगळं बंद?

अजिबात नाही. थोड्या भीतीची मुलांना आवडच असते, आणि ती त्यांच्या वाढीला लागते. सात-आठ महिन्यांचं बाळ 'बुवा कुक्'ला खळखळून हसतं, कारण चेहरा गेला तरी परत येणार हे त्याला कळू लागलेलं असतं. मोठी मुलं उंच झोका घेतात, सूरपारंब्या खेळतात, गच्चीवर गोल बसून हडळीच्या आणि मुंज्याच्या गोष्टी ऐकतात. नॉर्वेतल्या संशोधक एलेन सँडसेटर यांनी मुलांच्या अशा धाडसी खेळांचा अनेक वर्षं अभ्यास केला आहे. उंची, वेग, थोडं हरवणं हे मूल स्वतःच्या मर्जीनं अनुभवतं तेव्हा भीतीशी जुळवून घ्यायला शिकतं, असं त्यांचं म्हणणं आहे.

डेन्मार्कमधल्या ऑरहूस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये एका भूतघरात येणाऱ्या लोकांच्या हृदयाची गती मोजून पाहिली. भीती फार कमी असली तरी मजा नव्हती आणि फार वाढली तरी नव्हती. मजा मधल्या टप्प्यात होती. तीही तिकीट काढून स्वतःहून आत शिरलेल्यांची.

सगळा फरक तिथेच आहे. झोका थांबवायचा की नाही हे झोक्यावरचं मूल ठरवतं. गोष्ट नको झाली तर 'बास, पुढचं नको' म्हणता येतं. अंधारात मागून कुणी किंचाळत अंगावर आलं तर मुलाच्या हातात काहीच नसतं. म्हणून स्वतःला तीन गोष्टी विचारा: हा खेळ आहे हे मुलाला माहीत आहे का? त्याला तो थांबवता येतो का? संपल्यावर ते 'परत, परत' म्हणतं का? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तर खुशाल खेळा.

घाबरल्यावर ती हसते की! म्हणजे तिलाही मजा आली ना?

नेहमी नाही. भीती ओसरताना ताण मोकळा होतो आणि हसू फुटतं. समोर सगळे हसताहेत म्हणूनही मूल हसतं. तीन-चार वर्षांच्या मुलाला एवढं नक्की कळतं की आपण रडलो तर आणखी हसतील.

हसण्यापेक्षा बाकीचं अंग पाहा. हात छातीशी आवळले आहेत का? श्वास वर लागलाय का? ती जवळ येतेय की मागे सरकतेय? पुढच्या वेळी त्याच दारातून जाताना आधी आत डोकावते का? डोकावत असेल, तर ती गंमत तिच्या अंगात अजून चालूच आहे.

कोणत्या वयात मुलांना 'हे खोटं आहे' असं कळतं?

बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा उशिरा. आणि कळलं तरी भीती लगेच थांबत नाही.

पॉल हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये चार आणि सहा वर्षांच्या मुलांवर केलेला प्रयोग इथे फार उपयोगी आहे. मुलांना रिकामी पेटी दाखवली आणि आत एक प्राणी आहे अशी कल्पना करायला सांगितलं. काहींना गोंडस ससा, काहींना राक्षस. पेटी रिकामी आहे हे मुलांना माहीत होतं, तसं ती सांगतही होती. तरीही राक्षसाची कल्पना केलेली काही लहान मुलं प्रयोग घेणाऱ्यांना खोलीबाहेर जाऊ देईनात. डोक्याला माहीत असलेली गोष्ट पोटातल्या गोळ्यापर्यंत पोचत नाही, हे इतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसतं.

याचं कारण मेंदूत आहे. धोका ओळखणारा भाग जन्मापासून तल्लख असतो. 'थांब, हे तर बाबांचंच उपरणं आहे' असं सांगणारा कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. दचकल्यावर तुम्ही दोन सेकंदांत सावरता. तुमचं चार वर्षांचं मूल तसं सावरू शकत नाही, मग ते कितीही हुशार असो.

ढोबळ सांगायचं तर पाच-सहा वर्षांच्या आत मुद्दाम घाबरवणं टाळाच. पुढेही वयापेक्षा स्वभाव पाहा. स्वमग्न (ऑटिझम असलेली) मुलं, आवाजाला हळवी मुलं, नुकतंच घरातलं माणूस गमावलेली किंवा इस्पितळातून आलेली मुलं यांच्याशी हा खेळ कुठल्याच वयात नको.

बाहेरच्या कुणी घाबरवलं आणि आईबाबांनी घाबरवलं, यात फरक काय?

माझ्या मते या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

मूल जग समजून घेतं ते तुमच्या चेहऱ्यावरून. १९८५ मध्ये अमेरिकेत बारा महिन्यांच्या बाळांना एका मोठ्या काचेच्या टेबलावर ठेवलं. अर्ध्या भागात काचेखाली खोलगट जागा दिसत होती, पुढे गेलो तर पडू असं वाटण्यासारखी. पलीकडे आई उभी. आईचा चेहरा हसरा होता तेव्हा १९ पैकी १४ बाळं रांगत पलीकडे गेली. तिनं घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. बोलायला न येणारं बाळसुद्धा 'हे ठीक आहे का?' हा प्रश्न आईच्या तोंडाकडे बघून सोडवतं.

आता त्याच बाळाला भीती वाटली आहे, ते वळून तुमच्याकडे बघतं, आणि तुम्ही पोट धरून हसताय. किंवा मुखवट्याआडून निघालेला चेहरा तुमचाच आहे. मुलाचं शरीर सांगतं, पळ, आईकडे जा. आणि धोका तर आईच. मेरी मेन आणि एरिक हेसे या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये याच पेचाबद्दल लिहिलं: भीतीचं कारण आणि आधार एकाच माणसात आले की मुलाला सुटकेची वाटच उरत नाही. हे वारंवार घडणाऱ्या घरातली मुलं आईवडिलांजवळ जाताना मध्येच थबकतात, गोठतात, तोंड फिरवतात.

एका प्रसंगानं इतकं होत नाही, हे पुन्हा सांगते. पण आठवड्याला एक 'गंमत' हा काही एक प्रसंग नव्हे.

जेवत नाही, झोपत नाही म्हणून 'बागुलबुवा येईल' म्हटलं तर? त्याशिवाय ऐकतच नाही.

ऐकतं, कारण घाबरतं. भीतीनं गिळलेला घास पचत असेल, पण जेवणाची ओढ त्यानं येत नाही. झोपेचं तर उलटच आहे. 'झोप, नाहीतर बुवा येईल' म्हटल्यावर डोळे मिटणं हीच सर्वांत धोक्याची गोष्ट होऊन बसते.

पण मला जास्त काळजी वाटते ती खऱ्या माणसांचा बागुलबुवा केला जातो त्याची.

'पोलीस पकडून नेतील' हे ऐकत वाढलेलं मूल गणपतीच्या गर्दीत किंवा पंढरपूरच्या यात्रेत हरवलं, तर ज्या खाकी वर्दीकडे त्यानं धावायला हवं तिच्यापासूनच ते लपेल. 'डॉक्टर मोठी सुई टोचतील' हा धाक ऐकलेलं मूल लसीच्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवरच भोकाड पसरतं, आणि पुढे पोटात दुखलं तरी सांगत नाही.

आणि 'झोळीवाला पळवून नेईल'. ही झोळी कुणाची, याचा विचार करा. दारोदार फिरून पोट भरणाऱ्या भटक्या समाजाच्या माणसांची. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना, ते मुलं पळवणारे आहेत या अफवेवरून, जमावानं ठेचून मारलं. ती अफवा मोबाइलवरून पसरली होती. बागुलबुवामुळे ते घडलं असं मी म्हणत नाही. पण अनोळखी झोळी दिसली की मुलं पळवणाराच आठवावा, ही सवय आपण मुलांना घास भरवताना लावतो. ती मोडायला हवी.

भीती घालवण्यासाठीच घाबरवतो. अंधाऱ्या खोलीत ठेवलं, विहिरीत ढकललं की धीट होतात ना?

नाही. विहिरीत ढकललेली काही मुलं पोहायला शिकली, हे खरं. जी शिकली नाहीत ती पुढे पाण्याच्या काठाला फिरकली नाहीत आणि त्यांची गोष्ट कुणी कौतुकानं सांगत नाही.

भीती कशी बसते आणि कशी निघते, याचे दोन जुने प्रयोग शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. १९२० मध्ये जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी अमेरिकेत 'अल्बर्ट' या नावानं ओळखल्या गेलेल्या अकरा महिन्यांच्या बाळाला पांढरा उंदीर दाखवला. त्याला उंदराची भीती नव्हती. मग तो उंदराला हात लावायला गेला की त्याच्या पाठीमागे लोखंडी कांबीवर हातोडा हाणायचा, असं काही वेळा केलं. थोड्याच दिवसांत तो नुसता उंदीर पाहून रडू लागला. मग ससा, कुत्रा, फरचा कोट यांनाही घाबरू लागला. भीती जिथे घातली तिथेच थांबत नाही, आजूबाजूला पसरते. ती काढण्याचे प्रयत्न कुणी केले नाहीत. आज असा प्रयोग कुठेही करू देणार नाहीत, आणि घराघरांत दाराआडून आपण करतो तो याहून फार वेगळा नाही.

चार वर्षांनी, १९२४ मध्ये, मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलाची भीती काढली. पीटर आवडीचा खाऊ खात असताना ससा खोलीच्या दुसऱ्या टोकाला, पिंजऱ्यात. मग रोज थोडा जवळ. शेवटी पीटर एका हातानं खाऊ खात दुसऱ्या हातानं सशाला कुरवाळू लागला.

अंधाराची भीती असेल तर हेच करा. आधी तुमचा हात धरून अंधाऱ्या खोलीत शिरायचं, बटण त्यानं लावायचं. मग तुम्ही दारात उभे, तो आत. मग एकट्यानं पळत जाऊन चेंडू आणायचा. वेळ लागतो, पण असा आलेला धीटपणा टिकतो.

अशा गमतीतून जीवावर बेतू शकतं का?

हो. मस्करीची कुस्करी व्हायला क्षण पुरतो.

तोंडात घास असताना घाबरवणं सर्वांत धोक्याचं. दचकलं की माणूस खोल श्वास ओढतो आणि घास श्वासनलिकेत जातो. आपल्याकडे लहान मुलांच्या श्वासनलिकेत अडकणाऱ्या वस्तूंत शेंगदाण्याचा क्रमांक फार वरचा आहे. जिन्यात, गच्चीच्या कठड्याशी, रस्त्याच्या कडेला घाबरवलं तर मूल दिशा न पाहता पळतं. दिवाळीत पायाजवळ फटाका टाकण्याची 'गंमत' डोळा घेऊन जाऊ शकते. भीती घालायला बाळाला वर उडवताना छताचा पंखा विसरू नका. पात्यानं डोक्याला गंभीर जखमा झालेल्या आहेत.

काही मुलं एकदम घाबरली की श्वास धरतात, पांढरीफटक पडतात आणि क्षणभर शुद्ध हरपते. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांत हे दिसतं आणि बहुधा आपोआप सुधारतं. तरी पहिल्यांदा घडलं तर डॉक्टरांना दाखवा, कारण हृदयाच्या लयीचा एक दुर्मीळ जन्मजात दोषही असा दिसू शकतो, आणि त्यात अचानक मोठा आवाज घातक ठरतो.

घाबरल्यामुळे मूल तोतरं होतं, हे खरं का?

नाही. लहानपणी सुरू होणाऱ्या अडखळत्या बोलण्यामागे मुख्यतः आनुवंशिकता आणि मेंदूची घडण असते. ताणानं ते तात्पुरतं वाढू शकतं, इतकंच. त्यासाठी स्वतःला किंवा घरातल्या कुणाला दोष देत बसू नका, वाचा उपचारतज्ज्ञाला भेटा.

रील करण्यात काय हरकत आहे? लोकांना आवडतात, मूल गोंडस दिसतं.

माझी पूर्ण हरकत आहे. रीलसाठी घाबरवताना मूल रडायला लागलं तरी हात मोबाइल सोडत नाही. ज्या दहा सेकंदांत त्याला उचलून घ्यायला हवं, नेमके तेच दहा सेकंद चित्रणाला हवे असतात. पडद्यावर भूत दिसणारा फिल्टर लावून मुलाला खोलीत एकटं कोंडणं असो, की २०२३ मध्ये पसरलेलं मुलाच्या कपाळावर अंडं फोडणं, हसतात ते बघणारे.

ही गंमत कुठवर जाते याचं उदाहरण अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात आहे. 'डॅडीओफाइव्ह' या यूट्यूब वाहिनीवर एक जोडपं स्वतःच्या मुलांना फसवून, ओरडून, रडवून चित्रफिती टाकायचं. लाखो लोक ते पाहायचे. २०१७ मध्ये, न दिसणाऱ्या शाईच्या एका 'गमती'त लहान मुलावर शिव्यांचा भडिमार झालेला पाहून लोक संतापले. दोन मुलांचा ताबा त्या जोडप्याकडून गेला आणि मुलांची हेळसांड केल्याबद्दल न्यायालयानं दोघांना पाच वर्षं देखरेखीखाली ठेवण्याची शिक्षा दिली. आधी ते सांगत होते, सगळं ठरवून केलेलं आहे, मुलांनाही आवडतं.

जानेवारी २०१९ मध्ये यूट्यूबनं नियम स्पष्ट केले: मुलांना तीव्र मानसिक त्रास देणाऱ्या खोड्यांच्या चित्रफिती चालणार नाहीत. अशी चित्रफीत दिसली तर पुढे पाठवू नका, तिथल्याच सोयीनं तक्रार करा. आणि स्वतःची टाकली असेल तर काढून टाका. ते मूल उद्या दहावीत जाईल आणि त्याचं रडणं वर्गातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर असेल.

आत्ताच घाबरवलं आणि आता ते रडायचं थांबत नाहीये. काय करू?

हसणं थांबवा. मुखवटा काढून खाली ठेवा, त्याच्या उंचीला बसा, ते येऊ देत असेल तर जवळ घ्या. 'एवढ्यात काय घाबरायचं', 'मुलगा असून रडतोस' हे शब्द नकोत. 'तू घाबरलास. मी केलं ते. परत नाही करणार,' एवढं पुरे. शांत झाल्यावर मुखवटा त्याच्या हातात द्या, हवा तर तुमच्या तोंडाला लावू द्या. तो घटना परत परत सांगेल, खेळून दाखवेल. ऐका. आणि 'परत नाही' म्हटलं ते पाळा.

धसका घेतला असेल तर दृष्ट काढावी का? भगताकडे न्यावं का?

आजीनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, पाठीवरून हात फिरवला, तर मुलाला बरंच वाटेल. तो स्पर्शाचा गुण आहे आणि त्यात अपाय नाही, विस्तव आणि धूर दूर असेल तोवर. भगताकडे किंवा मांत्रिकाकडे मात्र नेऊ नका. 'याला बाधा झाली' हे ऐकणं ही मुलासाठी दुसरी आणि मोठी भीती असते. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, चटके हे तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं महाराष्ट्रात गुन्हा आहेत.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

पुन्हा अंथरूण ओलं होणं, रोज रात्री दचकून उठणं, क्षणभरही न सोडणं, शाळेच्या वेळी पोटात दुखणं, तोच प्रसंग सारखा खेळणं. पहिल्या काही दिवसांत हे दिसलं तर धीर द्या आणि थांबा. महिना उलटला तरी कमी नसेल, किंवा खाणं-बोलणंच बंद झालं असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. जिल्हा रुग्णालयातल्या, मुलांच्या वाढीतल्या अडचणी पाहणाऱ्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रातही मार्गदर्शन मिळतं. १४४१६ ही 'टेली मानस'ची मानसिक आरोग्यासाठीची मोफत मदतवाहिनी आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

यात कायदा काही म्हणतो का?

दाराआडच्या 'भॉ'ला कायदा काही म्हणत नाही. पण बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७५ प्रमाणे, मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानं त्याला विनाकारण शारीरिक किंवा मानसिक यातना होतील असं वागवलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शाळेत कोंडणं, धाक घालणं यांना शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ लागू होतं. त्यात मारण्याबरोबरच मानसिक छळालाही बंदी आहे. शेजारच्या घरात असं काही चालू आहे असं वाटलं तर १०९८ या मुलांसाठीच्या मदतवाहिनीवर फोन करा. हा क्रमांक चोवीस तास चालतो.

मामा ऐकतच नाही. 'तुम्ही फार नाजूक करून ठेवलंय' म्हणतो. त्याला काय सांगू?

सगळ्यांसमोर वाद नको, मुलासमोर तर नकोच. पण त्या क्षणी मध्ये पडून मुलाला कडेवर घ्या आणि शांतपणे म्हणा, 'दादा, हे नको. तिला आवडत नाही.' तिला पाठीशी घालणारं कुणीतरी आहे, हे तिला त्याच वेळी दिसायला हवं. नंतर एकट्यात त्याला सांगा की ती आता तुझ्या गाडीचा आवाज ऐकला की आतल्या खोलीत जाते. बहुतेक मामांना हे माहीत नसतं आणि ऐकून वाईट वाटतं.

मग त्याला दुसरं काम द्या. या वेळी दाराआड भाची लपेल आणि मामा घाबरेल. चांगला मोठ्यानं, सोफ्यावर पडून. ती 'परत' म्हणेल तितक्या वेळा.